युनाम मोहिमेत विश्रांतीचे दोन दिवस कापल्याबद्दल तक्रार

दिनांक : १४ ऑक्टोबर २०२४
ता. आर्णी, जि. यवतमाळ

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सप्टेंबरमधील युनाम शिखर मोहिमेत (६,१११ मीटर) ठरलेले विश्रांतीचे दोन दिवस परस्पर कापल्यामुळे माझ्या पुतण्याच्या जिवावर बेतल्याबाबत, आणि भरलेली पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

शिखर मिळालं नाही म्हणून मी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगतो. हिमालयात हवा फिरली की माघारी यावं लागतं, तब्येत बिघडली की उतरावं लागतं, हे समजूनच आम्ही पैसे भरले होते. तुमच्या २७ सप्टेंबरच्या उत्तरात ‘हवामान व सहभागीची प्रकृती’ अशी दोन कारणं देऊन पैसे परत करायला नकार दिला आहे. त्यातलं हवामानाचं कारण खोटं आहे. आम्ही वर होतो त्या तिन्ही दिवशी आभाळ स्वच्छ होतं, सोबतच्या फोटोंत ते दिसेल. आणि प्रकृती का बिघडली, त्याचा हिशेब तुमच्याच आराखड्यात आहे. उत्तर मिळाल्यावर लगेच लिहिणार होतो, पण सोयाबीनची सोंगणी सुरू होती आणि पुतण्याला एकटं सोडवत नव्हतं, म्हणून दोन आठवडे गेले.

मी वीज वितरणात लाइनमन आहे, १९ वर्षं झाली. पुतण्या २१ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत धावतो. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठलं, तेव्हा हा शाळेत होता. पेपरात आलेला त्यांचा फोटो त्याने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, तो अजून तिथेच आहे. आमच्याकडे डोंगर म्हणजे चिखलदरा. वर्षभरात आम्ही तीनदा तिथे जाऊन राहिलो, पाठीवर पंधरा किलो घेऊन वैराटपर्यंत चढलो. वैराट १,१७८ मीटर, मेळघाटातली सगळ्यात उंच जागा. त्याच्यावर काय होतं, हे आमच्या शरीराला ठाऊक नव्हतं. म्हणून तर स्वतःच्या जोरावर न जाता आम्ही मार्गदर्शकासह जाणारी मोहीम निवडली.

चार कंपन्यांचे आराखडे समोर ठेवून तुमचा निवडला. तुमची फी सगळ्यांत जास्त होती, माणशी ३९,५०० रुपये. तरी तुमचा निवडला, कारण त्यात मनाली-लेह रस्त्यावरच्या जिस्पाला दोन रात्री, त्याच रस्त्यावर पुढे भरतपूरला दोन रात्री आणि वरच्या कॅम्पला दोन रात्री होत्या. बाकीच्यांकडे एक-दोन दिवस कमी होते. घरी विचारलं, ‘नऊ-दहा हजार जास्त कशाला?’ मी सांगितलं, हे जास्तीचे पैसे या थांबण्याचे आहेत. तुमच्याच माहितीपत्रकात छापलं आहे की शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. आता जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर आणि भरतपूर ४,७०० मीटरवर. मधली उडी दीड हजार मीटरची. रस्ता गाडीचा असल्यामुळे ती उडी टाळता येत नाही, म्हणूनच तुम्ही तिच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असा थांबा ठेवला होता. नेमके तेच दोन दिवस तुम्ही कापले.

घडलं ते असं. पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरहून रेल्वेने निघालो. वहिनी फाटकापर्यंत आल्या. “भाऊजी, पोराले नीट घेऊन या,” एवढंच म्हणाल्या. ५ तारखेला सकाळी मनाली गाठली. ६ ला निघायचं होतं, पण आधीच्या तुकडीबरोबर वर गेलेले तंबू आणि मुख्य मार्गदर्शक परत आले नव्हते. तो दिवस मनालीत बसून गेला. ७ ला निघालो, अटल बोगद्यातून पलीकडे जाऊन जिस्पाला मुक्काम. ८ ला पहाटे सांगण्यात आलं, सामान बांधा, आज भरतपूर. आणि ९ ला भरतपूरहून थेट वरचा कॅम्प. आराखड्याप्रमाणे वरचा कॅम्प १० तारखेला होता. एक दिवस उशिरा निघूनही आम्ही एक दिवस आधी वर पोचलो होतो, हे तुम्ही स्वतः मोजून पाहा. मनाली २,०५० मीटर. तिथून दोन दिवसांच्या आत भरतपूर, म्हणजे २,६५० मीटर वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली असतो. कारण विचारलं तेव्हा मुख्य मार्गदर्शक म्हणाला की १२ तारखेला पुढची तुकडी मनालीत येते आहे, त्याला वेळेत खाली पोचायचं आहे. म्हणजे पुढच्या तुकडीसाठी आमच्या रात्री कापल्या.

८ च्या रात्री पुतण्या जेवला नाही. दोनदा उलटी झाली. “काका, माहं डोकं लय दुखून रायलं,” म्हणाला. सकाळी तुमचा दुसरा मार्गदर्शक रक्तातला ऑक्सिजन मोजणारं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन प्रत्येक तंबूत आला. पुतण्याचा आकडा मी स्वतः वाचला, ६१. त्याने बोट चोळलं, परत लावलं, परत ६१. “ठंड में कम दिखाता है,” म्हणून तो पुढच्या तंबूत गेला. माझा हात गरम होता, पुतण्याचाही गरम होता, मी धरून पाहिला होता. दुपारी निघण्याआधी नोंदवही तंबूबाहेर उघडी पडली होती. त्यात पुतण्याच्या नावापुढे ७८ लिहिलं होतं. माझ्या फोनमध्ये त्या पानाचा फोटो आहे. शक्य ते सगळं मी समजून घेईन, पण ६१ चे ७८ कसे झाले, हे मला लेखी पाहिजे.

मी थांबू म्हटलं. मुख्य मार्गदर्शक हसून म्हणाला, लड़का फिट है, कुछ नहीं होगा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी दिली आणि चालायला लावलं. पळण्याचा दम आणि उंचीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धावपटूलाही उंची बाधते आणि चाळिशीतल्या माझ्यासारख्याला बाधत नाही, असंही होतं. हे तुमच्याच माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर आहे. ज्या कंपनीने आम्हाला ते पान वाचायला लावलं, त्याच कंपनीचा माणूस वर जाऊन उलटं बोलतो, तेव्हा ग्राहकाने कोणाचं ऐकायचं?

वरच्या कॅम्पला संध्याकाळी पुतण्या बुटाची नाडी बांधायला बसला. चढायचे ते जड बूट. नाडीचा एक पदर हातात, दुसरा जमिनीवर, आणि तो त्या दोन्हींकडे नुसता बघत होता. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, “गाठ कशी मारतेत काका?” सात वर्षांचा होता तेव्हा विहिरीच्या दोराला गाठ मारायला मीच त्याला शिकवलं होतं. मी तंबूची एक दोरी सोडली, जमिनीवर सरळ टाकली आणि एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावत तिच्यावरून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो आडवा गेला. मेंदूला सूज येत असल्याची ती खूण आहे आणि त्यावर एकच पहिला उपाय आहे, लगेच खाली उतरवणं. हेही त्याच चौथ्या पानावर लिहिलेलं. मी मार्गदर्शकाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, थका हुआ है, सोने दो, सुबह देखेंगे.

मी ऑक्सिजन मागितला. चौदा माणसांसाठी एकच सिलिंडर होता. त्याच्या घड्याळाचा काटा लाल पट्ट्याच्या खाली टेकलेला. तरी म्हटलं असेल तेवढा देऊ. पण रेग्युलेटर बसेना, कारण आतला वॉशर नव्हता. फुस्स करून उरलासुरला वायू बाजूनेच गेला. दाबाचं घड्याळ वाचणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे ‘सिलिंडर भरलेला होता’ हे तुमच्या उत्तरातलं वाक्य मला मान्य नाही.

इथे माझ्या कामाबद्दल थोडं लिहितो, म्हणजे मला इतकं का लागलं ते कळेल. आमच्याकडे ‘लाइन बंद आहे’ असं कोणी तोंडी सांगितलं म्हणून खांबावर चढायचं नसतं. आधी परमिट, म्हणजे लाइन बंद केल्याचा लेखी परवाना, हातात घ्यायचं, मग डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग करायचं, म्हणजे तारेत उरलेली वीज जमिनीत सोडायची, मग सेफ्टी बेल्ट अडकवून चढायचं. त्यात वीस मिनिटं जातात. खाली गाव अंधारात असतं, लोक ओरडत असतात, वरून साहेबाचा फोन असतो. तरी ती वीस मिनिटं कापायची नसतात. एकदा कापली गेली होती. फोनवरच्या शब्दावर वर चढलेल्या सोबत्याला मी आणि दुसऱ्या एकाने दोर लावून खाली उतरवला आहे. तुमचे ते दोन दिवस आमच्या परमिटसारखे होते. ते वाचवून घाई करायचा अधिकार तुमच्या माणसाला कोणी दिला?

शेवटी मीच ठरवलं, उतरायचं. तुमच्या दोन्ही मार्गदर्शकांपैकी कोणी आलं नाही. चौघांमागे एक मार्गदर्शक असं कबूल केलं होतं, प्रत्यक्षात चौदा जणांना दोन, त्यामुळे एक आला असता तर बाकीच्यांचं अडलं असतं, हेही खरंच. स्वयंपाकाच्या तंबूतला नेपाळी मुलगा उठला. वय अठरा-एकोणीस असेल. त्याने पुतण्याचा एक हात खांद्यावर घेतला, दुसरा मी. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात दगडांतून भरतपूरला यायला तीन तास लागले. तिथे गाडी ठेवू असं कबूल केलं होतं. गाडी नव्हती. आणि भरतपूरची अडचण अशी की मनालीकडे उतरायचं तर आधी ‘बारालाचा ला’ ही खिंड ओलांडावी लागते, म्हणजे ४,८५० मीटरच्याही वर परत चढायचं, मगच उतार. चालत ते शक्यच नव्हतं. लेहकडून येणाऱ्या एका टँकरवाल्याने आम्हाला घेतलं. केबिनमध्ये तिघांत पुतण्याला मध्ये बसवलं. तो झोपू नये म्हणून मी त्याला गावच्या सगळ्या डीपींची (ट्रान्सफॉर्मरची) नावं विचारत होतो, त्याला पाठ आहेत. खिंड ओलांडेपर्यंत त्याला दोनच आठवली.

पहाटे मनालीच्या वाटेवरच्या केलाँगच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. ऑक्सिजन लावला, सूज उतरवणारी डेक्सामेथासोनची इंजेक्शनं सुरू केली. डॉक्टर म्हणाले, उंचीमुळे मेंदूला सूज आहे, उतरवलंत ते बरं केलंत, सकाळची वाट पाहायला नको होती. दुपारी चार वाजता त्याने डोळे नीट उघडले आणि विचारलं, “काका, भाकर भेटन का इथं?” तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात जाऊन वहिनींना फोन लावला. तोपर्यंत माझी हिंमत झाली नव्हती. दोन दिवस तिथे होतो. दवाखान्याची सगळी कागदपत्रं सोबत जोडली आहेत.

तुमच्या उत्तरात असंही आहे की आम्ही धोक्याच्या फॉर्मवर सही केली होती. केली होती, वाचून केली होती. त्यात दरड, हिमवादळ, उंचीचा त्रास असे डोंगराचे धोके लिहिले आहेत. ठरलेले दिवस कापणं, रिकामा सिलिंडर नेणं, नोंदवहीत आकडा बदलणं, कबूल केलेली गाडी न ठेवणं, यांतलं काहीच त्या फॉर्मवर नव्हतं. असतं तर मी सही केलीच नसती.

माझी मागणी अशी. दोघांची फी ७९,००० रुपये पूर्ण परत करावी. केलाँगचा मुक्काम, मनालीपर्यंतची गाडी आणि बदललेली रेल्वेची तिकिटं यांचा खर्च १३,६५० रुपये वेगळा द्यावा, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत. ९ सप्टेंबरच्या नोंदवहीच्या पानाची प्रत आणि दिवस कापण्याचा निर्णय कोणी घेतला याचा खुलासा लेखी पाठवावा. पैशापेक्षा मला तो खुलासा जास्त महत्त्वाचा आहे. तुमच्या इंटरनेटवरच्या पानावर पुढच्या जूनच्या तारखा लागलेल्या दिसतात. त्या आराखड्यातही जिस्पा दोन रात्री, भरतपूर दोन रात्री असंच छापलेलं आहे. तिथे नाव नोंदवणाऱ्या माणसाला ते दिवस खरोखर मिळणार आहेत का, हे आधी ठरवा आणि मगच पैसे घ्या.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल यवतमाळच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे तुमचं कार्यालय कुठे आहे याची मला अडचण नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार आधीच नोंदवली आहे, क्रमांक पावतीसोबत आहे.

आणखी एक. त्या नेपाळी मुलाला न विचारता कॅम्प सोडल्याबद्दल दंड केला आणि महिन्याच्या पगारातून पैसे कापले, असं आमच्या तुकडीतल्या एकांकडून कळलं. खरं असेल तर ते पैसे त्याला परत करा, आणि केल्याचं मला कळवा. भरतपूरला मी त्याच्या हातात पाचशेची नोट ठेवली होती, ती त्याने पुतण्याच्या जॅकेटच्या खिशात परत टाकलेली मला केलाँगला सापडली. माझ्या परताव्यातून वजा करून त्याला द्यायचे असतील तरी माझी हरकत नाही, पण त्याला ते मिळाले पाहिजेत.

कळावे,

आपला,
तक्रारदार
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)