आईच्या हातात ती नळी दिलीत, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

काल आईने भाकरी खाल्ली. दुधात कुस्करून नाही, चावून खाल्ली. तुम्हाला फोनवर थँक्यू म्हणाले होते, पण तेवढ्याने माझं मन भरेना, म्हणून चारचौघांत हे पत्र लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही हे एवढ्या ओळखीवर कळलंय.

तुमच्याकडे येण्याआधी काय झालं होतं ते तुम्ही विचारलंत, तेव्हा आईसमोर मी नीट बोलले नव्हते. खालची अक्कलदाढ दुसरीकडे काढली होती. एक-दोन दिवस बरे गेले आणि मग कानापर्यंत ठणका सुरू झाला. रात्र रात्र ती गालाला हात लावून ओट्यावर बसून असायची. परत त्याच दवाखान्यात नेलं, तर बाहेर बसलेल्या पेशंटसमोर तिला ऐकवलं गेलं, "मिश्री लावता, शुगर आहे, मग दुखणार नाही तर काय?" गोळ्या काउंटरवरूनच हातात दिल्या. मिश्रीने आणि साखरेने जखम रेंगाळते हे आम्हालाही मान्य आहे. पण तोंडात आरसा घालून बघायला असा किती वेळ लागतो? पासष्टीच्या बाईला लोकांसमोर खाली मान घालायला लावली, ते मी विसरणार नाही.

तुम्ही आधी बघितलंत. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची जी गुठळी बसायला हवी ती निघून गेली होती, आतलं हाड उघडं पडलं होतं. ड्राय सॉकेट. "एवढं कसं सोसलंत मावशी?" असं तुम्ही म्हणालात आणि आईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळ्याला पदर लावला. मिश्रीचं तुम्हीही बोललात, पण नंतर, दार लावून, तिच्या शेजारी बसून.

मग त्या खड्ड्यात ठेवायला तिचंच थोडं रक्त काढायचं म्हटल्यावर ती बिथरली. "माज्या रगतात आता काय ऱ्हायलंय, नुसती साखर," हे तिचं नेहमीचं वाक्य. घरी आम्ही त्यावर हसून पुढे जातो. तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. रक्ताची नळी गरगर फिरवणारं मशीन थांबलं, तशी तुम्ही नळी बाहेर काढलीत आणि कामाला लागायच्या आधी ती आईच्या हातात दिलीत. दिवा तिच्याकडे वळवलात. तळाशी लाल, वर पिवळसर पाणी आणि मधोमध फिकट पिवळा, थरथरणारा गोळा. आईने पिशवीतून चष्मा काढला, नळी डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "खरवस बसलाय की ह्यात!" तुम्ही म्हणालात, "मावशी, ह्यात आम्ही बाहेरचं काही घातलेलं नाही. हे सगळं तुमचंच. आता हेच तिथे ठेवायचं." ती नळी ती परत द्यायलाच तयार नव्हती.

डॉक्टर, तुमच्या मागे पेशंट खोळंबले होते. नळी सरळ घेऊन पुढचं काम केलं असतंत तरी उपचार तोच झाला असता. पण आपल्या अंगात आता काही राम उरला नाही असं धरून बसलेल्या बाईला तुम्ही तिच्याच रक्तातलं चांगलं काय ते दाखवलंत. आल्यागेल्या प्रत्येकीला ती आता सांगते, "माज्याच रगतानं भरली जखम."

या उपचाराला पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) म्हणतात, त्याबद्दल मी नंतर वाचलं. फ्रान्समधल्या डॉ. जोसेफ शुक्रून यांनी 2001 साली ही पद्धत मांडली. त्याआधीच्या पद्धतीत रक्त गोठू नये म्हणून एक औषध आणि पुढे ते गोठवायला दुसरं, असा खटाटोप असायचा. यात काहीच मिसळत नाहीत, म्हणून रक्त काढल्या काढल्या नळी मशीनमध्ये जावी लागते. तुमच्या सिस्टर एवढ्या घाईने का पळाल्या ते तेव्हा उलगडलं. त्या गोळ्याच्या जाळीत प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात आणि जखम भरायला लागणारी द्रव्यं त्यातून हळूहळू, आठवडाभर तरी झिरपत राहतात. तुम्ही मात्र याचा डांगोरा पिटला नाहीत. "दुखणं कमी व्हायला आणि हिरडी मिटायला मदत होते. हाड लवकर भरेल असं मी छातीठोक सांगणार नाही. साखर आटोक्यात हवी आणि मिश्री बंद." एवढं स्पष्ट बोलणारा माणूस भेटला की निम्मा जीव तिथेच भांड्यात पडतो.

रक्त फिरवायचं मशीन विकत मिळतं. समोरच्याला माणूस समजून त्याच्याशी बोलायची रीत कुठून आणायची? ती तुमच्या घरातून आली असेल, नाहीतर तुमच्या कुणा शिक्षकांकडून. ज्यांच्याकडून आली त्यांनाही माझा नमस्कार सांगा. आमच्या भागात बायका दात दुखला तर लवंग धरतात, तंबाखू धरतात आणि दवाखाना टाळतात. त्यामागे पैशाची अडचण असतेच, पण कुणीतरी पाणउतारा करेल ही भीतीही तेवढीच असते. तुमच्याकडून परतताना आईच्या चेहऱ्यावर ती भीती नव्हती.

मिश्रीचा डबा तिने स्वतः उकिरड्यावर टाकला. अधूनमधून हात फडताळाकडे जातो, पण अजून तरी तिने धीर धरलाय. डावीकडची दाढही किडली आहे, ती काढायची झाली तर "त्या मॅडमकडंच" असं तिने जाहीर केलंय. शुगरचा रिपोर्ट आला की घेऊन येते. सोबत आमची धाकटी चुलतीही असेल. कितीतरी दिवस ती एकाच बाजूने जेवतेय आणि आईने तिला नळीची गोष्ट सांगून तयार केलंय. गुऱ्हाळावरचा गूळ आणतेय, सिस्टरनाही द्या.

आपली,
तुमच्या मावशींची लेक