कोरड्या हंगामात विकलेली होडीची सफर

दिनांक : 4 मार्च 2024

प्रति,
व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग

विषय : व्हेनेझुएलातील एंजल धबधब्याची ठरलेली सफर न झाल्याबद्दल परतावा मिळण्याबाबत

महोदय,

मी आणि माझे यजमान आपल्या फेब्रुवारीच्या दक्षिण अमेरिका सहलीत होतो. ही सहल आम्ही घेतली ती पत्रकातल्या दोन दिवसांसाठी. धबधब्याच्या वाटेवरच्या कनाइमा या गावाहून कुरियारात, म्हणजे एकाच झाडाच्या खोडातून कोरलेल्या होडीत बसून, आधी काराओ आणि मग चुरून नदीने वर जायचं, रात्री जंगलात झोळीत झोपायचं आणि तासाभराची चढण चढून धबधब्यासमोर उभं राहायचं. गुडघ्यांना झेपावं म्हणून यजमानांनी त्यासाठी चार महिने रोज पर्वती चढली.

कनाइमाला विमानातून उतरलो त्याच दुपारी तिथल्या पेमोन या आदिवासी जमातीच्या नावाड्याने सांगितलं की वर होडी जाणार नाही. नदीत खडक उघडे पडले होते. तो आम्हाला काठावर घेऊन गेला आणि पाणी कुठपर्यंत असायला हवं ते दगडावरच्या खुणेवर हात ठेवून दाखवलं. साधारण जून ते नोव्हेंबर होड्या जातात, डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ असतो, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे.

मी 29 वर्षं शाळेत भूगोल शिकवला. जगातला सर्वांत उंच धबधबा, 979 मीटर, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! म्हणूनच पैसे भरण्याआधी, 6 नोव्हेंबरला, मी ईमेलवर स्पष्ट विचारलं होतं : फेब्रुवारीत पाणी असतं का? आपलं उत्तर होतं, "धबधबा बारमाही आहे, काळजी नसावी." धबधबा बारमाही असेल, पण मी पैसे नदीतून जाण्याचे भरले होते. धबधबा ज्या औयान-तेपुई पठारावरून कोसळतो, त्याच्या माथ्यावर बर्फ नाही. त्या पठारावर पडणारा पाऊसच धबधब्याला आणि खालच्या चुरूनला पाणी देतो. पाऊस थांबला की कडा ओला राहतो, पण होडीपुरतं पाणी राहत नाही. दरवर्षी तिकडे सहली नेणाऱ्या कंपनीला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

त्याऐवजी आपल्या प्रतिनिधीने आम्हाला सापो धबधब्यावर नेलं. पाण्याच्या पडद्यामागून चालत जाता येतं, जागा सुंदर आहे, पण ती सहलीच्या पहिल्या दिवसात आधीच धरलेली होती. मग प्रत्येकी 22,000 रुपये वेगळे घेऊन छोट्या विमानातून दोन घिरट्या मारल्या. कड्यावरून एक बारीक धार सुटत होती आणि तळाला पोचण्याआधीच तिचं धुकं होत होतं. यजमान खिडकीला कपाळ टेकवून बघत राहिले. उतरल्यावर ते काही बोलले नाहीत.

परत आल्यावर आपल्या कार्यालयाने कळवलं की "नैसर्गिक कारणामुळे व स्थानिक नावाड्यांच्या नकारामुळे" परतावा देता येत नाही. यातली दोन्ही कारणं मला मान्य नाहीत. भर जुलैत अचानक पूर आला असता तर मी एक शब्द बोलले नसते. पण ठरल्या ऋतूत नदी आटली, यात अनपेक्षित काय? मे महिन्यात ठोसेघरचा कोसळता धबधबा दाखवतो म्हणून कोणी साताऱ्यात पैसे घेतले, तर आपण त्याला काय म्हणाल? आणि नावाड्यांवर दोष ढकलल्याचा मला फार राग आला आहे. ज्यांच्या भाषेत या धबधब्याला केरेपाकुपाइ मेरू हे नाव आहे, त्या माणसांनीच आम्हाला खरं सांगितलं. आमचे पैसे घेऊन त्यांनी होडी खडकांवर घातली असती, तर आज हे पत्र वेगळ्याच कारणाने लिहावं लागलं असतं.

माझी मागणी अशी : होडी, जंगलातला मुक्काम आणि चढाई यांसाठी घेतलेली रक्कम आणि विमानाचे 44,000 रुपये 15 दिवसांत आमच्या खात्यावर जमा करावेत. आपल्या संकेतस्थळावर ही सफर अजूनही जानेवारी ते मार्चच्या तारखांना विक्रीला आहे. ती आजच काढावी, कारण आता कोणीतरी निवृत्तीच्या पैशातून ती घेत असेल.

मुदतीत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. पत्रक, 6 नोव्हेंबरचा ईमेल, विमानाच्या पावत्या आणि उघड्या पडलेल्या नदीपात्राचे तीन फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
(सही)
पुणे