तिन्ही फाउंडेशन कडक करायच्या आधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला गाडी मॉडिफाय करण्यावरचा लेख वाचला. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं), एअर फिल्टर, एक्झॉस्ट, अलॉय सगळं आलं त्यात, पण ज्याच्यावर अख्खं इंजिन टांगलेलं असतं त्या माउंटिंगबद्दल एक ओळ सुद्धा नाही, आणि पॉवर वाढवलेल्या गाडीत लोक सगळ्यात चुकीची खरेदी करतात ती ह्याच पार्टची असं माझं अनुभवाने मत झालंय, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. आपल्याकडे गॅरेजमध्ये कुणी ह्याला माउंटिंग म्हणतं कुणी फाउंडेशन म्हणतं, पार्ट एकच, इंजिन आणि बॉडीच्या मध्ये बसणारं रबर.

माझी पोलो जीटी टीएसआय आहे २०१४ ची, आपल्या चाकणलाच बनलेली. १.२ लिटर चार सिलिंडर टर्बो, कंपनीतून १०५ पीएस पॉवर आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायची ताकद), सात गियरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स. रिमॅप केला तेव्हा टॉर्क दोनशेच्या पुढे गेला आणि काही महिन्यांनी सिग्नलवरून जोरात निघालं की पुढून धप्प असा आवाज यायला लागला. गॅरेजवाला म्हणाला तिन्ही फाउंडेशन पॉलीयुरेथेनचे (पॉली म्हणतात, रबरापेक्षा कडक मटेरियल) टाकून द्या, रेसिंगवाले हेच टाकतात, कायमची कटकट मिटेल. टाकले. आवाज खरंच गेला, पाय दाबला की गाडी लगेच निघते असं पण वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी एसी लावून सिग्नलला उभा राहिलो तर आतला आरसा इतका थरथरत होता की मागच्या गाडीचा नंबर वाचता येईना. डॅशबोर्डमधून खुळखुळ, सीटमधून मुंग्या. आईला मणक्याचा त्रास आहे, ती दोनदा बसली आणि तिसऱ्या वेळी म्हणाली मी रिक्षाने जाते रे, तू ये मागून. हे मला फार लागलं, कारण मी जरा आधी समजून घेतलं असतं तर तिला हा त्रास झालाच नसता.

मग माझा एक मित्र भोसरी एमआयडीसीत रबर मोल्डिंगच्या शॉपमध्ये आहे त्याच्याकडे गेलो. त्यांच्याकडे कडकपणा मोजायचं छोटं मीटर असतं, शोअर ए म्हणतात त्या मापाला. कंपनीचं नवीन माउंटिंग ५५ च्या आसपास निघालं आणि माझं लाल पॉली ८८. अंदाज यावा म्हणून सांगतो, टायरचा ट्रेड साधारण ६० ते ७० असतो. आणि हे आकडे सरळ वाढत नाहीत हे मित्राने नीट समजावलं, ६० वरून ८० म्हणजे थोडंच जास्त वाटतं पण मटेरियलचा ताठरपणा दुपटीहून जास्त होतो, शिवाय कंपनीच्या माउंटिंगमध्ये मुद्दाम पोकळ जागा ठेवलेल्या असतात त्याने ते अजून मऊ वागतं आणि पॉलीचं बऱ्याचदा भरीव असतं. ज्या बॉक्समधून मी ते विकत घेतलं त्याच्यावर ह्यातला एकही आकडा नव्हता, नुसतं हेवी ड्यूटी लिहिलेलं.

माउंटिंगची कामं दोन आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत, एक म्हणजे इंजिन जागेवर धरायचं आणि दुसरं म्हणजे त्याची थरथर बॉडीत जाऊ द्यायची नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ७५० आरपीएम (मिनिटाला फेरे) धरलं तर इंजिन सेकंदाला साडेबारा वेळा फिरतं, चार सिलिंडरमध्ये प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके, म्हणजे सेकंदाला २५, ह्यालाच २५ हर्ट्झ म्हणतात. इंजिनचं वजन आणि खालचं रबर मिळून झोक्यासारखी त्यांची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी असते आणि ठोके तिच्या साधारण १.४ पटीच्या वर असतील तरच रबर थरथर अडवतं, त्याच्या खाली उलट वाढवतं. म्हणजे माझ्या गाडीत ती १८ हर्ट्झच्या खाली राहायला पाहिजे. समजा कंपनीने १० ठेवली असेल आणि तुम्ही ताठरपणा चौपट केला तर ती दुप्पट होऊन २० वर जाते, संपलं मग, आयडलला आरसा थरथरणारच, कितीही भारी ब्रँडचा माल असू दे.

आता तीन सिलिंडरवाल्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय कारण २०२० पासून पोलो पण १.० टीएसआय तीन सिलिंडर झाली आणि आता बाजारात अशा टर्बो गाड्या भरपूर आहेत. तिथे प्रत्येक फेऱ्याला दीडच ठोके, म्हणजे ७५० ला फक्त १८.७५ हर्ट्झ, मार्जिन अजून कमी, आणि तीन सिलिंडर इंजिन मुळातच टोकाटोकाने डुलतं ते वेगळंच. त्यातून ती गाडी टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक असेल तर डी मध्ये ब्रेक दाबून उभी असताना पण इंजिन सतत गाडीला ढकलत असतं आणि माउंटिंग दाबलेलंच राहतं, माझ्या डीएसजीत निदान ब्रेकवर क्लच सुटतो. अशा गाडीत तिन्ही पॉली टाकायचा सल्ला कुणी दिला तर कृपया घरी येऊन एकदा विचार करा.

मग धप्प आवाजाचं करायचं काय, तर आधी इंजिन बसलंय कसं ते बघा. पोलोसारख्या आडव्या इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत वरती दोन माउंटिंग असतात, एक इंजिनच्या बाजूला आणि एक गियरबॉक्सच्या बाजूला, वजन ह्या दोघांवर. तिसरं खाली, हाडाच्या आकाराचं, डॉगबोन किंवा टॉर्क रॉड म्हणतात, त्याच्यावर वजन जवळजवळ नसतंच, इंजिन पुढेमागे कलंडू नये एवढंच त्याचं काम. पहिल्या गियरमध्ये गियर आणि डिफरन्शियल मिळून इंजिनचा टॉर्क बारा ते सोळा पट होऊन चाकाला जातो आणि आडव्या इंजिनात तेवढाच उलटा धक्का माउंटिंगना खावा लागतो, दोनशेचे अडीच-तीन हजार न्यूटन मीटर होतात, आणि त्यात ह्या खालच्या रॉडचा वाटा मोठा. म्हणून पॉवर वाढवली की पहिला कोसळतो तो हाच आणि कडक करायला सगळ्यात फायद्याचा पण हाच, कारण वजन वरच्या दोघांवर असल्यामुळे आयडलची बरीचशी थरथर वरच्या मऊ रबरातच मरते.

मी शेवटी तेच केलं. तिन्ही पॉली काढली, वर कंपनीची दोन नवीन टाकली आणि खाली कंपनीच्याच डॉगबोनच्या बुशमधल्या (टोकाच्या रबरातल्या) पोकळ जागेत बसणारा पॉलीचा तुकडा टाकला, इन्सर्ट म्हणतात त्याला, मऊ ग्रेडचा. तो पूर्ण माउंटिंगच्या मानाने खूप स्वस्त असतो आणि नाही आवडला तर एका तासात काढता येतो. धप्प आवाज गेला, आयडलला किंचित गुणगुण आहे, पहिले काही आठवडे जास्त होती मग बसली, आणि आई आता पुढच्या सीटवर बसते. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, पॉवर वाढवलेल्या पण रोज चालवायच्या गाडीत वर कंपनीचं नवीन रबर आणि कडक करायचं ते फक्त खालचं, ह्याच्या पुढे जायचं असेल तर त्याला कारण पाहिजे.

कारणं असतात, मी नाही म्हणत नाही. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला (सरळ रेषेतल्या शर्यतीला) उतरणारी गाडी असेल किंवा कोईंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर लॅप मारायचे असतील तर गोष्ट वेगळी. उभ्या गाडीतून एकदम सुटताना (लाँच) पुढची चाकं धडाधड उड्या मारतात ना, त्यात टायर पकडतो तसं माउंटिंग आणि ड्राइव्हशाफ्ट (गियरबॉक्सपासून चाकाला जाणारे दांडे) स्प्रिंगसारखे पिळले जातात, टायर सुटतो, पीळ उलगडतो, परत पकडतो, आणि प्रत्येक झटका शाफ्टवर आणि गियरबॉक्सवर बसतो. मॅन्युअलमध्ये इंजिन हललं की गियरच्या केबल पण हलतात, कधी जोरात चालवताना गियर पडत नाही. तिथे ७५-८० चं पॉली वरती सुद्धा चालेल, आणि नुसती ट्रॅकची, ट्रेलरवरून नेणारी गाडी असेल तर ॲल्युमिनियमचं भरीव पण टाकतात, फक्त त्या गाडीत घरच्यांना बसवायचं नाही.

पण माउंटिंग गेलंय हे आधी नक्की करा हो. माझ्या गाडीसारखा ड्राय क्लचचा (क्लच तेलात नसलेला) डीएसजी असेल तर हळू ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गियरला जी थरथर येते ती बऱ्याचदा क्लचची असते, लोक फाउंडेशन बदलत बसतात आणि थरथर तशीच. (हा गियरबॉक्स मुळात २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे, रिमॅप करताना तेवढं पण लक्षात ठेवा.) बघायचं असं, बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, आत माहितगार माणूस ब्रेक दाबून, गाडीच्या समोर किंवा मागे कुणीही उभं नाही, बाजूने बघायचं, आणि डी, आर, डी असं सावकाश बदलायचं. इंजिन थोडं हलणारच, पण उडी मारून ठक्क करून थांबत असेल तर खालचा रॉड गेला. वरचं रबर चिरलंय का, हायड्रॉलिक (आत तेल भरलेलं) असेल तर त्यातून तेल झिरपलंय का हे टॉर्च मारून दिसतं. इंजिन ऑइलची गळती असेल तर ती आधी बंद करा, ऑइल लागलं की रबर फुगून मऊ पडतं आणि नवीन टाकलेलं पण तसंच जाईल.

बसवताना पण गडबड होते. माझ्या गाडीत ह्या माउंटिंगचे बोल्ट एकदाच वापरायचे आहेत, ठराविक टॉर्क आणि मग ठराविक अंश फिरवून ताणले जातात, जुनेच परत लावले तर ढिले पडू शकतात. माझ्याकडे पहिल्या वेळी जुनेच लावले होते हे मला नंतर दुसऱ्या ठिकाणी कळलं. आणि इंजिन जॅकवर तिरकं असताना सगळं आवळलं तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि चांगलं माउंटिंग सुद्धा थरथरतं, सगळे बोल्ट अर्धे लावून इंजिन एकदा हलवून त्याच्या जागेवर बसू द्यायचं आणि मगच आवळायचे. ऑइल संपखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) जॅक लावताना मध्ये लाकडाचा ठोकळा घालायला सांगा.

एक जुगाड फार चालतो, जुन्या माउंटिंगच्या फटीत विंडस्क्रीन चिकटवायचं पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचा गोंद, भरायचं. पैसे वाचतात खरे, पण किती भरलं, आत हवा राहिली का, वाळलं का, काहीच कळत नाही, आणि फाटलेलं रबर फाटलेलंच राहतं. रोजच्या गाडीत मी तरी नाही करणार.

तुमच्या पुरवणीमार्फत नाना पेठेतल्या आणि बाकीच्या स्पेअर पार्टवाल्यांना माझी मनापासून विनंती आहे की आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीचं नसलेल्या) माउंटिंगच्या बॉक्सवर मटेरियल, शोअर ए चा आकडा आणि वरचं का खालचं एवढं तरी छापून घ्या. भोसरी-चाकणमध्ये रबर-मेटलचा माल रोज मोजून कंपन्यांना जातो, मोजायचं मीटर त्यांच्याकडे आहे, माणसं आहेत, आकडा छापायला खर्च काय तो? आणि तुम्ही पण ह्या विषयावर एखाद्या जाणकाराचा सविस्तर लेख छापावा, आकृती काढून.

माझी काढलेली लाल पॉली माउंटिंग अजून घरी आहेत. तिघांनी विकत मागितली, तिघांच्याही गाड्या रोज ऑफिसला जाणाऱ्या, त्यामुळे दिली नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक,
पिंपळे सौदागर, पुणे