एक्झिबिशन हॉलमधल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

हॉलमध्ये प्रदर्शनं लावण्याच्या कामातून तुम्ही निवृत्त झालात हे परवा बडोद्याच्या मैत्रिणीकडून कळलं. फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" एवढंच बोलता आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून पत्र लिहिते आहे, आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या त्या हॉलमध्ये ज्यांनी ज्यांनी पहिल्यांदा स्वतःचं काम भिंतीवर लागलेलं पाहिलं, त्यांना हे पत्र कुणाला आहे ते लगेच कळेल.

मी खानदेशातून आले होते. सुरतेवरून गाडी बदलून बडोदा, सोबत एक ट्रंक आणि पाठीवर ड्रॉइंग बोर्ड. पुष्पबागेत, म्हणजे फॅकल्टीच्या आवारात, पाऊल ठेवल्यावर पहिली मराठी हाक तुमची ऐकली. बडोद्यात मराठी ऐकू येण्याचं नवल नाही, गायकवाडांचंच गाव ते. दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकले. 1950 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ही फॅकल्टी सुरू झाली, तेव्हा पेंटिंग विभाग उभा करायला इंदूरचे ना. श्री. बेंद्रे आले. हे सगळं मला नंतर वर्गात कळलं. तुमची मराठी मात्र पहिल्याच दिवशी कळली. मध्येच "बरोबर छे" म्हणायचात, तरी घरच्यासारखी वाटली.

काका, चित्र काढायला मला माझ्या सरांनी आणि मॅडमनी शिकवलं. चित्र लावायला तुम्ही शिकवलंत. अभ्यासक्रमात तेव्हा हा विषय आम्हाला कुठेच नव्हता.

एका पाहुण्या चित्रकाराचं प्रदर्शन लागणार होतं आणि समोरच्या भिंतीवर आमच्या ग्राफिक विभागाची एचिंग्ज, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने रेषा कोरून कागदावर घेतलेले छाप. पाहुण्यांचे कॅनव्हास लाकडी खोक्यातून आले, तर आमचे प्रिंट फाइलीत. वेळ कमी आहे, पोरांचे प्रिंट सॉफ्टबोर्डवर टाचण्यांनी लावून टाकू, असं कुणीतरी सुचवलं. तुम्ही आवाज न चढवता नाही म्हणालात. मागच्या खोलीत गेलात आणि काचेच्या जुन्या चौकटी एकेक करून बाहेर काढल्यात. पुसायला वर्तमानपत्र आमच्या हातात दिलंत.

मग मैद्याची खळ शिजवलीत. प्रिंट चारही बाजूंनी चिकटवायचा नाही, फक्त वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन पट्ट्या, बाकी कागद मोकळा. पावसाळ्यात कागद दमट हवेने फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. त्याला हलायला जागा नसली की सुरकुत्या पडतात. वर माउंट, म्हणजे प्रिंटभोवतीचा जाड पुठ्ठा, असा कापायचा की काच प्रिंटला टेकणार नाही, कारण टेकली की तिथे ओल धरते आणि बुरशी येते. मी चार महिने तांब्याच्या पत्र्यावर घालवले होते, पण कागदालाही सांभाळावं लागतं हे मला त्या दुपारी उमगलं.

लावण्याचं गणित तर अजून डोळ्यांसमोर आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर. चौकट 24 इंच उंच असेल तर 58 मध्ये 12 मिळवायचे, म्हणजे वरची कड 70 वर. मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 3 इंच खाली येते, ते वजा करायचे. खिळा 67 वर. एका चौकटीला दोन खिळे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागून ती तिरकी होत नाही. आणि हे माप प्रत्येक ठिकाणी जमिनीवरून घ्यायचं नाही, कारण फरशी कुठेच सपाट नसते! एका टोकाला एकदाच मोजायचं, मग गवंड्यांसारखी पाण्याची नळी धरून ती रेषा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची आणि मध्ये दोरा बांधायचा. एवढं करून तुम्ही प्रत्येक चौकटीवर पाणसळ ठेवून बघायचात. चित्रकार नसरीन मोहम्मदी 1972 पासून पुढे बरीच वर्षं याच फॅकल्टीत शिकवत होत्या. त्यांची ती पेन्सिल-शाईची बारीक रेषांची चित्रं मी पुढे पाहिली, तेव्हा पहिला विचार आला तो तुमच्या पाणसळीचा. असं चित्र केसभर तिरकं लागलं तर उरतं काय?

दिव्यांच्या वेळी शिडीवर तुम्ही आणि खाली मी. दिवा भिंतीपासून साधारण 30 अंशांत झुकवायचा, नाहीतर काचेत चित्राऐवजी बघणाऱ्याचंच तोंड दिसतं. पाहुण्यांच्या भिंतीवर जेवढे दिवे, तेवढेच आमच्या. चिठ्ठ्याही सारख्याच अक्षरात: नाव, माध्यम, आकार, वर्ष. माझ्या प्रिंटखाली माझं नाव त्या चित्रकाराच्या नावाएवढ्याच टायपात होतं. संध्याकाळी ते पाहुणे स्वतः आमच्या भिंतीपुढे उभे राहिले आणि ॲक्वाटिंटचा, म्हणजे पत्र्यावर ॲसिडने आणलेल्या सपाट छटेचा, करडा रंग किती वेळ ॲसिडमध्ये ठेवून आणला, असं विचारू लागले. टाचणीने लटकणाऱ्या कागदापुढे ते थांबले नसते असं मी म्हणत नाही. पण मी मान वर करून उत्तर दिलं, ते त्या भिंतीमुळे.

फॅकल्टीत ही रीत जुनीच आहे म्हणा. 1956 साली इथल्या चित्रकारांच्या बडोदा ग्रुपचं पहिलं प्रदर्शन मुंबईत लागलं, त्यात बेंद्रे, के. जी. सुब्रमण्यन यांसारखे शिक्षक होते आणि ज्योती भट्ट, प्रभा डोंगरे यांच्यासारखे त्यांच्या हाताखाली शिकलेले तरुणही. शिक्षक आणि शिष्य एकाच प्रदर्शनात. तुम्ही हा इतिहास कधी सांगितला नाहीत, भिंतीवर तो रोज पाळलात मात्र.

वार्षिक डिस्प्लेच्या वेळची तुमची धावपळ आठवते. मे महिना, पत्रे तापलेले, आणि फॅकल्टीतला प्रत्येक स्टुडिओ रिकामा करून चुना मारून गॅलरी करायचा. शिल्पकलेची मुलं दगड सरकवायला तुम्हाला बोलावणार, पेंटिंगची मुलं शिडीसाठी भांडणार. रात्री उशिरा सगळं आटपल्यावर हातोडी पिशवीत टाकण्याआधी तुम्ही एकटेच सगळ्या खोल्यांतून फेरी मारायचात. ती कामाची तपासणी आहे असं आम्हाला वाटायचं. एकदा मागे आले तर तुम्ही एका पहिल्या वर्षाच्या मुलाच्या स्थिरचित्रापुढे उभे होतात, चष्मा वर करून, कांद्याच्या सालीचा रंग बघत. काका, तुमच्यासारखा प्रेक्षक आम्हाला रोज मिळत होता, ही केवढी गोष्ट आहे.

मी आता गावाकडे एका शाळेत चित्रकला शिकवते. वर्षातून एकदा मुलांच्या कामाचं प्रदर्शन लावतो. मध्य 58 ऐवजी 48 इंचांवर घेते, कारण उंची बघणाऱ्यावर ठरते हे तुमचंच म्हणणं, आणि आमचे बघणारे पाचवी-सहावीतले. गेल्या वर्षी एका मुलीने पोळ्याच्या बैलांचं लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून घेतलेला छाप, केलं होतं. तिची आई शेतातून थेट आली, पदराने हात पुसले, आणि शिंगांना बांधलेल्या बेगडाची एकेक रेघ बोटाने हवेत गिरवत राहिली. काचेला हात लावला नाही. मग मला म्हणाली, "मॅडम, हे इथंच राहू द्या, घरी नेलं तर चुलीचा धूर लागंल." ती चौकट आता मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर आहे, दोन खिळ्यांवर.

यंदा जिल्ह्यातल्या दोन चित्रकारांनाही पाहुणे म्हणून बोलावलं आहे. त्यांची चित्रं आणि मुलांची चित्रं एकाच दोऱ्यावर लागतील. तुम्ही आणि काकू दिवाळीनंतर चार दिवस आमच्याकडे या. शिडीवर चढायचं नाही, खुर्चीत बसून सांगायचं, मुलं हातोडी धरतील. तिकिटं मी काढून पाठवते, खालचा बर्थ बघून.

आणि एक विनंती. पत्रिका छापायला द्यायची आहे आणि तिच्यात "मांडणी मार्गदर्शन" असं लिहून पुढे जागा सोडली आहे. इतकी वर्षं आम्ही सगळे तुम्हाला काकाच म्हणत आलो. तुमचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, जसं लिहिलेलं तुम्हाला आवडेल तसं, कळवा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
ग्राफिक विभागातली खानदेशी मुलगी