मंजीला, बुंदीबद्दल

विश्रामबाग, सांगली

प्रिय मंजे,

फोन करणार होते, पण बोलता बोलता मी रडले असते आणि तू "बरं, ठेव आता, नंतर बोलू" म्हणाली असतीस. म्हणून पत्र. अप्पांचा गुडघा बरा आहे, आईची शुगर आहे तशीच, चिनूचा दमा थंडीत वाढतो तसा वाढलाय.

आपल्या कुत्रीला, बुंदीला, दुसऱ्या घरी द्यायचं ठरलंय.

घर विकलं गं. 2019 ला पाणी शिरलं, 2021 ला पुन्हा शिरलं, तेव्हापासून दादा मागे लागला होता. अप्पांनी ताणता येईल तेवढं ताणलं. आता आई-अप्पा पुण्याला जाणार, दादाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, पशुकल्याण मंडळानं 2015 सालीच तसं सांगितलंय. ते परिपत्रक मी दादाला पाठवलं, भांडलेसुद्धा. पण एवढ्या मोठ्या लॅब्रॅडॉरला रोज दोन वेळा खाली नेणार कोण? अप्पा? आणि माझ्याकडे आणायची तर चिनूच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलंय. तिचं नाव तू ठेवलंस, म्हणून हे तुलाच सांगायचं होतं.

तू पाळलेल्या मनूचं मला अजून आठवतं. दूधवाल्याच्या कुणा नातेवाइकाकडे तू तिला पाठवलीस, घर न बघता, एका फोनवर. मी तुला बोलले आणि तू म्हणालीस, "तुझ्यावर वेळ येईल तेव्हा कळेल." वेळ आलीय मंजे. तुला किती जड गेलं असेल ते कळतंय. पण तेव्हा जे बोलले ते मी मागे घेत नाही. घर बघायलाच हवं होतं.

दादानं आम्हाला न विचारता जाहिरात टाकली. "लॅब, मादी, चार वर्षं, अर्जंट," किंमत आठ हजार. अप्पांना कळलं त्या रात्री ते जेवले नाहीत. दादाचा बिचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण 'मादी' आणि 'अर्जंट' हे दोन शब्द एकत्र आले की कोण फोन करतं ते मी आता ओळखायला लागलेय.

पहिला म्हणाला, सैन्यात आहे, पोस्टिंग लांब आहे, माणूस पाठवून घेऊन जातो. कुत्री बघायची नाही, व्हिडिओ नको, किंमतीत घासाघीस नाही. लगेच क्यूआर कोड पाठवला: "हा स्कॅन करून पिन टाका, ॲडव्हान्स तुमच्या खात्यात येईल." दादा स्कॅन करायलाच निघाला होता. मी फोन हातातून काढून घेतला. अगं, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपलेच जातात! आपल्या गल्लीतल्या सगळ्यांना सांग, तुझ्या सासूबाईंना आधी. एखाद्याचे गेलेच तर ताबडतोब 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, जितका लवकर तितकी ते अडवायची शक्यता जास्त.

पण तो नुसता चोर होता, त्याला बुंदी नकोच होती. मला धडकी भरली ती दुसऱ्याची. गोड बोलणारा, "ताई, आमच्याकडे फार्महाऊस आहे, मोकळी राहील." अप्पा विरघळले. मग हळूहळू प्रश्न सुरू झाले. माजावर शेवटची कधी आली? पिल्लं झालीत का? केनेल क्लबचे, म्हणजे जातीच्या नोंदीचे, पेपर आहेत का? खाते काय, फटाक्यांना घाबरते का, यातलं काहीच नाही. मी विचारलं, ब्रीडिंग करता का, 2017 च्या नियमांप्रमाणे राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तुमचा नंबर काय? फोन कट.

त्या रात्री झोप लागली नाही. आपली बुंदी कुठल्यातरी शेडमध्ये, वर्षामागून वर्षं पिल्लं काढतेय, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. आणि कायद्याचं बघ, प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात जनावर वाऱ्यावर सोडून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये! पन्नास रुपयांत काय येतं आज?

मी आधी तिची नसबंदी करून घेतली. टाके काढेपर्यंत ती गळ्यात तो प्लास्टिकचा कोन घालून दाराच्या चौकटीला धडकत होती आणि प्रत्येक वेळी अप्पांकडे असं बघायची की जणू चौकट त्यांनीच हलवली. खूप हसलो आम्ही. त्यानंतर जाहिरात मी लिहिली. किंमत काढली, 'अर्जंट' काढलं, पहिल्याच ओळीत 'नसबंदी झालेली' टाकलं. फोटोत पाटी नाही, फाटक नाही, लसीच्या पुस्तकावरचा पत्ता झाकलेला. मांजरं खपत नाहीत, फटाक्यांना पलंगाखाली शिरते, शंकरपाळ्यांचा डबा उघडता येतो, सगळं खरं लिहिलं. फोन एकदम कमी झाले. फार्महाऊसवाले तर सगळेच गायब!

मग एक फोन आला बेळगावहून. हो, तुझ्याच बेळगावहून, टिळकवाडीतून. नवरा-बायको दोघं निवृत्त, त्यांची लॅब मागच्या वर्षी म्हातारी होऊन गेली. मी चौकशी करायच्या आत त्या बाईंनीच माझी उलटतपासणी घेतली. रेबीजची लस कधीची, सांधे कसे आहेत, एकटी किती वेळ राहते, आणि मग, "तुमच्या वडिलांना भेटायला यायचं असेल तर चालेल ना आम्हाला, असं विचारायचंय का तुम्हाला? चालेल." मी फोन धरून गप्प बसले. मला हेच विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता.

त्या सांगलीला आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात येऊन तिला बघून गेल्या. घरी नाही बोलावलं, पहिली भेट दवाखान्यातच. बुंदीनं त्यांच्या पर्समधलं बिस्कीट काढून खाल्लं. आधी पंधरा दिवस ठेवून बघायचं, नाही जमलं तर परत फक्त आमच्याकडे, दुसऱ्या कुणाला नाही, असं कागदावर लिहून दोघांच्या सह्या करायच्या ठरल्यात. त्याच दिवशी बुंदीच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपच्या नोंदीत त्यांचंही नाव घालू, पण अप्पांचा नंबर राहू द्यायचा.

तुझं काय? कौस्तुभची बदली रद्द झाली का? वरच्या खोलीचं काम कुठवर आलं? सासूबाईंना नमस्कार सांग आणि ते क्यूआरचं आधी.

आता काम. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन ये. त्यांना सांगितलंय, माझी मैत्रीण येईल, त्यांना आवडलंच. मागच्या बाजूचं कुंपण नीट बघ, खालून फट आहे का. घर दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आहे, म्हणून फाटकाची कडी हातानं हलवून बघ, बुंदीला कड्या उघडता येतात. ती रात्री कुठे झोपणार ते दाखवायला सांग. त्यांच्या जुन्या लॅबच्या डॉक्टरांचा नंबर घे, मी स्वतः बोलेन. आणि चहा घेऊन उगाच भारावून जाऊ नकोस, तुझं तसं होतं. काही खटकलं तर तिथेच बोल, नाहीतर बाहेर येऊन मला फोन कर, मी दिवसभर घरी आहे. तू हो म्हणालीस तरच अप्पा गाडीत बसतील, असं त्यांनी सांगितलंय.

तुझी,
सुमी