पावसाळे मोजून गाडी सांभाळ

गुहागर,
20 मे

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

बाय, काल तुझा फोन आला तेव्हा मी माडांना पाणी लावत होतो, म्हणून नीट बोलणं झालं नाही. तू स्वतःच्या पगारातून जुनी गाडी घेतलीस याचा आनंद किती झाला ते आईला विचार. तिन्हीसांजेपर्यंत वाडीतल्या चार घरी सांगून आली ती. पण तू म्हणालीस ना, "बाबा, एक्केचाळीस हजार किलोमीटरच चाललीये, आता दोन वर्षं काही बघायला नको," ते माझ्या मनातून जाईना. म्हणून लिहायला बसलो.

पुण्यात तसं म्हटलेलं चाललं असतं. आपल्याकडे गाडी चालून झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त कुजते. समुद्राचा वारा आहे, चार महिने धो धो पाऊस आहे, आणि गाडी माडापोफळींच्या सावलीत, जिथे ऊन पोचत नाही. इथे गाडीचे किलोमीटर बघून भागत नाही, पावसाळे मोजावे लागतात. तुझी गाडी 2018 ची, पण सगळे पावसाळे तिने पुण्यात काढलेत. कोकणातला हा तिचा पहिला. तो सुरू व्हायला जेमतेम तीन आठवडे राहिलेत.

दापोलीहून घरी यायचं म्हणजे तू दाभोळ-धोपावे फेरीबोटीनेच येणार, खेड-चिपळूणचा वळसा कशाला घालशील? ओहोटीला जेट्टीचा उतार कसा ओला असतो ते तू बघितलंयस. चाकांनी उडालेलं ते खारं पाणी खालच्या पत्र्याला, ब्रेकच्या नळ्यांना, सायलेन्सरला बसतं. पाणी वाळतं, मीठ तसंच राहतं, आणि ते मीठ हवेतली ओल ओढून पत्रा पुन्हा ओला करतं. म्हणजे गाडी खळ्यात उभी असली तरी गंजाचं काम चालूच. तेव्हा घरी आलीस की चहाच्या आधी विहिरीच्या गोड्या पाण्याचा पाइप घ्यायचा आणि चारही मडगार्डांच्या आतून, गाडीच्या पोटाखालून पाणी मारायचं. वरून पुसली नाहीस तरी चालेल. आणि मैत्रिणी कितीही म्हणाल्या तरी गाडी कर्द्याच्या वाळूत घालायची नाही.

जूनच्या आधी गाडी लिफ्टवर चढवून खालून गंज न धरण्याचं कोटिंग करून घे. आधी गंज कुठे धरलाय का बघायचं, असला तर घासून, रंग मारून मग कोटिंग. गंजावरच काळं फासलं की ओल आत कोंडते आणि वरून सगळं छान दिसतं. काम चालू असताना तिथून हलू नकोस. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. ती कोटिंगने बुजली तर दारात पाणी साठून राहतं. दार उघड, खाली वाक, कडेवरून बोट फिरव, लागतील हाताला. माती बसली असेल तर काडेपेटीची काडी घालून मोकळी कर. आपल्या पहिल्या गाडीचं मागचं दार आठवतं का तुला? वरून रंग चकचकीत आणि खाली बोट लावलं तर भाकरीसारखा पापुद्रा सुटून हातात आला. ही भोकं मला तेव्हा कुणी दाखवली नव्हती.

वायपरच्या खाली जाळी असते, तिथेही पाणी जायला वाट आहे. फणसाखाली गाडी लावतेस म्हणालीस, म्हणजे ती पानांनी भरणारच. दर रविवारी हाताने काढ. तुंबली तर पाणी आत येतं, पायाखालच्या गालिचाखाली. वरून कोरडं लागतं, म्हणून गालिचा उचलून खाली हात घालून बघायचं. आंबूस वास आला तर उशीर झालाय असं समज.

आता एक गोष्ट, जी मी तेव्हा तुला पूर्ण सांगितली नव्हती. 22 जुलै 2021 ला चिपळूणला पूर आला तेव्हा आपली गाडी आत्याच्या बिल्डिंगखाली होती. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर मी गेलो. सीटवर चिखल होता, पण बोनेट उघडलं तर इंजिन बरं दिसत होतं. मी सेल्फ मारला. एक धक्का बसला आणि सगळं गप्प झालं. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आपटला आणि त्याचा दांडा वाकला. विमा होता. पण इंजिन पुराने नाही, सेल्फ मारल्याने गेलं, असं उत्तर मिळालं. इंजिन प्रोटेक्शन, म्हणजे विम्यात इंजिनासाठी वेगळं घ्यायचं कवच, मी घेतलं नव्हतं. चावी न फिरवता गाडी टो करून नेली असती तर इंजिन वाचण्याची आशा होती. त्या वर्षी तुझ्या हॉस्टेलचे पैसे उशिरा का आले, ते आता तुला कळेल.

म्हणून दोन गोष्टी मला हव्यातच. विम्यात इंजिन प्रोटेक्शन घालून घे. आणि बुडालेल्या गाडीची चावी फिरवायची नाही, बॅटरीची वायर काढायची आणि फोन करायचा. साकवावरून पाणी जात असेल तर अलीकडेच थांब, कामाला उशीर झाला तरी.

विम्याचं निघालंच आहे तर, आरसीवर नाव चढवणं एक आणि विमा नावावर करणं दुसरं. गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 झाले म्हणजे सगळं झालं असं धरू नकोस. गाडी घेतल्यापासून 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज गेला पाहिजे. नाहीतर तू कुणाला धडकलीस तर त्याला भरपाई मिळेल, तुझ्या गाडीचं नुकसान मात्र तुझ्या अंगावर. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. पीयूसीची तारीखही बघून ठेव.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो. नवं डॉट 4 ऑइल 230 अंशांच्या खाली उकळत नाही, ओल मुरली की तेच 155 च्या आसपास उकळू शकतं. उकळलं की नळीत बुडबुडे होतात आणि ब्रेकचा पाय खोल जातो. कुंभार्ली घाट उतरताना हे व्हायला नको. कराडहून येताना वर चढलीस त्याच गिअरमध्ये खाली उतर, दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात, ब्रेक अधूनमधून दाब, सतत पाय ठेवू नकोस. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांब, निवू दे. न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे तुला भेटतील. त्यांचं ऐकू नकोस.

पावसात गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नकोस. मागच्या चाकांच्या ड्रममध्ये ब्रेकचे लायनर गंजाने चिकटतात आणि गाडी हलत नाही. सपाट जागा बघ, पहिल्या गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव.

राहिले टायर. खाच अजून खोल आहे म्हणालीस. बरं आहे, पण टायरच्या कडेवर चार आकडे असतात, ते वाच. 2318 असेल तर 2018 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. रबर कडक झालं की खाच असूनही ओल्या रस्त्यावर पकडत नाही. कायद्याला 1.6 मिलिमीटर खाच पुरते. आपल्या पावसाला मी तीनच्या खाली गेलेला टायर ठेवत नाही. स्टेपनीचे आकडेही वाच, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. हवा सकाळी गाडी थंड असताना भरायची, किती ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं.

आज रात्री टॉर्च घेऊन पाचही टायरचे आकडे वाच आणि मला फोनवर सांग. जुने असले तर चिपळूणला ओळखीच्या दुकानात दोन दिवस आधी सांगून ठेवतो. रविवारी ओहोटीची वेळ टाळून नीघ, मी धोपाव्याला येतो. तिथून घरापर्यंत गाडी मी चालवीन, तू शेजारी बस. जुन्या गाडीचे आवाज मला कळतात. आईने कुळथाचं पीठ काढून ठेवलंय.

तुझे,
बाबा