जुन्या एफ-वनची आठवण येते, पण नक्की कशाची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या फॉर्म्युला वन (एफ-वन) कार रेसिंगवर जो लेख आला त्यावरून आमच्या ग्रुपवर नुसता धुरळा उडालाय, म्हणून म्हटलं सरळ तुम्हालाच लिहावं. लेख तसा चांगला होता, वाचायला मजा आली, पण शेवटी शेवटी जे लिहिलंय ना, की तेव्हाचे ड्रायव्हर जिवावर उदार होते, टीव्हीवर बघताना छाती धडधडायची आणि आता मरणाची भीतीच उरली नाही म्हणून सगळं मिळमिळीत झालंय, ते काही आपल्याला पटलं नाही बुवा.

आधी एक सांगतो, मलाही जुनी रेस आवडते. सत्तरच्या दशकातला ड्रायव्हर रॉनी पीटरसन, त्याची ती काळी-सोनेरी लोटस ७२ गाडी यूट्यूबवर लागली की हातातलं काम बाजूला पडतं. गाडी वळणात शिरते, मागची चाकं बाहेर सरकतात, पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला, आणि त्या उघड्या कॉकपिटमधून त्याचं हेल्मेट आणि खांदे दिसत असतात, म्हणजे माणूस गाडीशी झटतोय हे दिसतं. चाकं उघडी असल्यामुळे स्टिअरिंग किती फिरतंय तेही बाहेरून कळतं. कॅमेरे मोजके, त्यामुळे एकच शॉट लांबच लांब चालायचा, गाडी लांबून येते, मोठी होते, समोरून जाते, आणि त्या वेळात स्पीड म्हणजे काय ते डोळ्याला खरंच समजतं. आणि आवाज! बहुतेकांकडे फोर्ड कॉसवर्थचं व्ही-८, पण मध्येच फेरारीचं १२ सिलिंडरचं इंजिन किंवा मात्रा ह्या फ्रेंच कंपनीची गाडी आली की डोळे मिटूनही कळायचं कोण गेलं. ह्या सगळ्याची आठवण काढायला माझी काहीच हरकत नाही, मी स्वतःच काढतो.

पण यात मरण कुठाय? ते वेगळं आहे ना. आपण दोन्ही एकाच पुडीत बांधतो आणि म्हणतो तो काळ भारी होता.

आणि तसं बघितलं तर तो काळ आपण पाहिलाय कुठे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं तेव्हा, २९ जुलै १९७३ ला, हॉलंडमध्ये झांडफोर्टला जे झालं ते युरोपातले लोक घरी बसून लाइव्ह बघत होते. आपण त्याचं फुटेज बघितलं ते कित्येक वर्षांनी, मोबाइलवर, तेही कापून जोडून मागे म्युझिक लावलेलं. मी स्वतः एफ-वन बघायला लागलो तो केबलवर, शूमाकरच्या काळात. म्हणजे ही आठवण आपली नाहीच, उसनी आहे, आणि उसनं आणताना त्यातलं चांगलं तेवढं उचललंय.

त्या झांडफोर्टबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या लेखात जळत्या गाडीचा फोटो टाकलाय आणि खाली नुसतं 'थरार' असं लिहिलंय. कुणाची गाडी, कुठली रेस, काहीच नाही.

रॉजर विल्यमसन, इंग्लंडचा पोरगा, त्याची ही फक्त दुसरी ग्रँड प्रिक्स, म्हणजे एफ-वनची रेस. आठव्या लॅपला, म्हणजे फेरीला, गाडी बॅरियरवर आदळली, घासत गेली, उलटी झाली आणि पेटली. तो जिवंत होता, आत अडकलेला. मागून डेव्हिड पर्ली येत होता, त्याने ते बघितलं, स्वतःची गाडी तिथंच बाजूला सोडली आणि ट्रॅक ओलांडून पळत गेला. पहिलं म्हणजे त्याने गाडी सरळ करायचा प्रयत्न केला, एकट्याने, नुसत्या हातांनी. मग मार्शलकडचा, म्हणजे ट्रॅकच्या कडेला असणाऱ्या मदतनीसाकडचा, आग विझवायचा सिलिंडर घेऊन मारला, तो संपला. मार्शल लोकांकडे आगीत जायचे कपडेच नव्हते, ते जवळ जाईनात, आणि त्यांना तरी काय बोलणार, साध्या कपड्यात पेट्रोलच्या आगीत कोण घुसेल. बाकीचे ड्रायव्हर बाजूने जात राहिले कारण त्यांना वाटलं की जो माणूस गाडीशेजारी उभा आहे तोच त्या गाडीचा ड्रायव्हर, म्हणजे सुटला बिचारा. फायर ब्रिगेडची गाडी यायला आठेक मिनिटं लागली. विल्यमसन वाचला नाही. रेस थांबवलीच नाही. पर्ली हातवारे करतोय, लोकांना बोलावतोय, कोणी येत नाही, शेवटी खांदे पाडून चालत निघतो, कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवायला जातो तर तो हात झटकून टाकतो. हे सगळं कॅमेऱ्यात आहे. त्याला पुढे ह्या धाडसासाठी जॉर्ज मेडल मिळालं.

रेस जॅकी स्टुअर्टने जिंकली. त्याचा २६ वा विजय, म्हणजे जिम क्लार्कचा २५ चा रेकॉर्ड त्या दिवशी मोडला. आता सांगा, रेकॉर्ड मोडल्याचा आनंद कसला साजरा करणार. आणि हा जिम क्लार्क स्वतः १९६८ मध्ये जर्मनीत हॉकेनहाइमला फॉर्म्युला टू ह्या खालच्या वर्गाच्या रेसमध्ये अपघातात मेलेला.

ह्या स्टुअर्टचंच बघा. १९६६ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर पावसात त्याची गाडी ट्रॅकबाहेर गेली, हा कॉकपिटमध्ये अडकला, अंगावर पेट्रोल सांडतंय, आणि काढायला ग्रॅहॅम हिल आणि बॉब बाँडुरांट हे दोघं ड्रायव्हरच आले, तेही रेस बघायला आलेल्या एका माणसाकडून स्पॅनर मागून घेऊन. स्टिअरिंग काढल्याशिवाय माणूस बाहेर निघेना. त्यानंतर स्टुअर्ट गाडीत स्पॅनर टेपने चिकटवून ठेवायचा. वर्ल्ड चॅम्पियन दर्जाचा ड्रायव्हर, आणि सेफ्टी म्हणजे काय तर गॅरेजमधला पाना! मग त्याने सीटबेल्ट, बॅरियर, डॉक्टर ह्या सगळ्यासाठी भांडायला सुरुवात केली तेव्हा त्यालाही लोक हेच म्हणायचे, घाबरट आहे, रेसिंगची मजा घालवतोय. अगदी तुमच्या लेखातलीच भाषा. ६ ऑक्टोबर १९७३ ला अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला त्याचा टीममेट फ्रान्स्वा सेव्हेर प्रॅक्टिसमध्ये अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी स्टुअर्टची १०० वी ग्रँड प्रिक्स होती, ती त्याने चालवलीच नाही, ९९ वर थांबला. ३ वेळचा चॅम्पियन. ह्याला कोणी भित्रा म्हणून दाखवावं.

निकी लाउडाचं तर सगळ्यांना पाठ आहे, पण तेही अर्धंच सांगतात. १९७६ ला जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर आगीत भाजला आणि सहा आठवड्यांत इटलीत मोंझाला परत येऊन चौथा आला, इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात. पण रेसच्या आधी हाच माणूस सांगत होता की इथं रेस नको, ट्रॅक जवळजवळ २३ किलोमीटरचा, मदत वेळेत पोचणार नाही, आणि बाकी ड्रायव्हरांनी मत दिलं की चालवू. मदत पोचलीच नाही वेळेत, मर्झारियो आणि अजून तीन ड्रायव्हरांनी त्याला ओढून काढलं. एवढ्या लांबीच्या ट्रॅकवर टीव्हीचे कॅमेरे तरी किती लावणार, जगभर जी क्लिप दाखवतात ती एका हौशी प्रेक्षकाच्या कॅमेऱ्यातली आहे. आणि सीझनची शेवटची रेस जपानमध्ये फुजीला, धो धो पाऊस, लाउडा दोन लॅप करून पिटमध्ये, म्हणजे टीमच्या गॅरेजपाशी, आला आणि गाडीतून उतरला. चॅम्पियनशिप त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंटला एका पॉइंटने, ६९ विरुद्ध ६८. माझ्या मते त्या अख्ख्या सीझनमधलं सगळ्यात मोठं धाडस तेच होतं, टायटल समोर दिसत असताना जगासमोर नाही म्हणणं. पण ह्याला कोण 'थरार' म्हणणार.

आता टीव्हीवाल्यांची गंमत ऐका. त्याच १९७६ मध्ये सर्टीज टीमच्या गाडीवर ड्युरेक्सची जाहिरात होती म्हणून बीबीसीने ब्रँड्स हॅचची रेस दाखवायला नकार दिला. माणूस जळताना दाखवलेला चालला, कंडोमचं नाव चाललं नाही! असो.

तुमच्या लेखात एका माणसाचं नाव यायला पाहिजे होतं, आणि तो ड्रायव्हरही नव्हता. १९७७, दक्षिण आफ्रिकेत क्यालामी. रेन्झो झोर्झीची गाडी सरळ पट्ट्याच्या कडेला थांबली, थोडीशी आग लागली. दोन मार्शल पिटच्या बाजूने ट्रॅक ओलांडून पळाले. तिथं ट्रॅकला चढ आहे, पलीकडून येणाऱ्याला दिसत नाही. पहिला वाचला. दुसरा फ्रेडरिक यान्सन व्हॅन व्ह्यूरन, वय १९, हातात तो जड सिलिंडर, त्याला टॉम प्राइसच्या गाडीची ताशी २७० च्या आसपास स्पीडने धडक बसली आणि तो सिलिंडर प्राइसच्या डोक्याला लागला. दोघंही जागच्या जागी गेले. प्राइसची गाडी तशीच पुढे पळत राहिली, पुढच्या वळणावर लाफित ह्या ड्रायव्हरच्या गाडीला जाऊन धडकली. रेस लाउडाने जिंकली, नुर्बुर्गरिंगच्या अपघातानंतरचा त्याचा पहिला विजय. प्राइसबद्दल निदान त्याच्या वेल्समध्ये तरी लोक बोलतात. त्या मार्शल पोराने काय केलं होतं हो, झांडफोर्टला जे मार्शलांनी केलं नाही तेच करायला तो पळाला होता, कोणी शिकवलं नाही की कधी पळायचं. ह्यात कसली आली मर्दानी परंपरा, ही तर ऑर्गनायझरची निव्वळ हयगय.

ग्रुपवर एकाने लिहिलं की पण लोक मेले म्हणूनच सुधारणा झाल्या ना, म्हणजे ते गरजेचंच होतं. हे म्हणजे अजबच. १९७८ ला मोंझाला पीटरसनचा स्टार्टलाच अपघात झाला, पोलिसांनी कडं केलं आणि त्यात डॉक्टर सिड वॉटकिन्सनाच जाऊ देईनात, अॅम्ब्युलन्सला उशीर, दुसऱ्या दिवशी पीटरसन गेला. वर ज्याचं एवढं कौतुक केलं तोच हा. त्यानंतर वॉटकिन्सनी हट्ट धरून पहिल्या लॅपला सगळ्या गाड्यांच्या मागे मेडिकल कार पळवायला लावली. ही गोष्ट कळायला पीटरसन जायची काय गरज होती? डॉक्टर आधीपासून सांगतच होते, ऐकत कोण होतं.

आणि तीच मेडिकल कार २०२० ला बहरीनमध्ये कामाला आली. रोमां ग्रोजांची गाडी पहिल्याच लॅपला बॅरियरमध्ये घुसली, दोन तुकडे झाले, आगीचा लोळ, आणि मेडिकल कार मागेच होती म्हणून काही सेकंदांत डॉक्टर तिथं उभे. २८ सेकंद आगीत राहून माणूस स्वतःच्या पायाने बाहेर आला, हात भाजले तेवढेच. डोक्यावर जो हेलो, म्हणजे कॉकपिटवरची धातूची कमान, होता तो नसता तर डोकंच राहिलं नसतं. हा हेलो २०१८ ला आला तेव्हा काय बोंबाबोंब झाली होती आठवतंय का, चपलेचा पट्टा म्हणत होते लोक, मर्सिडीज टीमचा बॉस टोटो वुल्फ म्हणाला होता की मला परवानगी असती तर चेनसॉने कापून टाकला असता, आणि खुद्द ग्रोजांचाही विरोध होता. नंतर त्याने मोकळेपणाने मान्य केलं की ह्यानेच वाचलो. अजून एक, त्या दिवशी तो सुखरूप आहे हे कळेपर्यंत टीव्हीवर रिप्ले दाखवला नाही. नंतर मात्र इतक्यांदा दाखवला की रिकार्डो हा ड्रायव्हर भडकला, आणि बरोबरच भडकला, पुन्हा गाडीत बसायचं होतं बाकीच्या ड्रायव्हरांना.

छातीत धडधड व्हायची म्हणता ना, मग ग्रोजांच्या वेळी झाली नाही का? मला तर घाम फुटला होता. फरक इतकाच की नंतर जेवण गेलं.

बोअर झालंय हे मात्र मान्य, तिथं तुमच्याशी भांडण नाही. पण त्याचं कारण सेफ्टी नाही. गाड्या बोजड झाल्यात, १९७३ ला कमीत कमी वजनाचा नियम ५७५ किलोचा होता, २०२५ ला तो ८०० वर गेला. यातलं थोडं वजन सेफ्टीचं आहे, पण हायब्रिडच्या बॅटऱ्या आणि बसएवढी लांबी ही काही ड्रायव्हरचा जीव वाचवायला नाही आलेली. मोनॅकोसारख्या गल्लीबोळात दोन गाड्या शेजारी मावत नाहीत. पुढच्या गाडीच्या मागे गेलं की तिच्या खराब हवेत पकड जाते, टायर तापतात, म्हणून ओव्हरटेकिंगला मागच्या पंखाची फळी उघडायची सोय करावी लागली. गाडी रुळावर असल्यासारखी वळते, त्यामुळे ड्रायव्हरची कमाल बाहेरून दिसतच नाही, ती हेल्मेटमधल्या कॅमेऱ्यातून थोडीफार दिसते. आणि डायरेक्टर दर तीन सेकंदाला शॉट बदलतो, मध्येच गॅलरीतला कोणीतरी नट दाखवतो. हे सगळं बदलता येतं, त्याला कोणाला जाळावं लागत नाही. ट्रॅकच्या कडेला वाळू परत आणली की चूक केली तर शिक्षा मिळते, काही ठिकाणी आणलीय आणि लगेच फरक दिसला.

यावर एकदा तुमच्या क्रीडा पानावर कोणीतरी नीट लिहा की. आमच्या कोल्हापुरात गो-कार्टिंगवर जीव टाकणारी पोरं आहेत, ती हे वाचतील. माझा पुतण्याही जातो, आणि त्याला परवा तुमचा लेख वाचून नेक-ब्रेस, म्हणजे मानेला आधार देणारा पट्टा, नको वाटायला लागला, जुने लोक घालत नव्हते म्हणे. त्याला मी गप्प केला, पण सगळ्यांना कोण गप्प करणार.

२०२६ च्या नियमात गाड्या थोड्या लहान आणि साधारण ३० किलोने हलक्या केल्यात. मला विचाराल तर शंभर किलोने तरी कमी करायला हव्या होत्या, आणि ते डायरेक्टरचं शॉट बदलायचं बटण काढून घ्यायला हवं होतं, पण ते कोण ऐकतंय.

आपला एक जुना वाचक,
कोल्हापूर